विजयचिन्हे (टेबलावरील युद्धखेळ)

टेबलावरच्या युद्धखेळात पराभूत केलेल्या सैन्याची एखादी खूण आपल्या लघुप्रतिमेवर, म्हणजे सैन्यातल्या छोट्या मूर्तीवर, कायमची चढवण्याची प्रथा, आणि अशी चढवलेली वस्तू. ही खूण म्हणजे शिरस्त्राण, खांद्यावरचा पत्रा, मोडकी तलवार, निशाणाचा तुकडा किंवा कवटी असू शकते. छंदातले लोक तिला सरळ ‘ट्रॉफी’ म्हणतात, प्रतिमेला ‘मिनी’ आणि सुट्या भागांना ‘बिट्स’. या नोंदीतही हेच शब्द ठेवले आहेत. ‘लघुप्रतिमेचा सुटा अवयव द्या’ असे पुण्यातल्या एखाद्या टेबलावर कुणी म्हणाले, तर पुढची पाच मिनिटे हसण्यातच जायची.

ट्रॉफी दोन तऱ्हेची असते आणि नवखे खेळाडू त्यांची गल्लत करतात. एक कथेतली, म्हणजे खेळाच्या कल्पित विश्वातली. ऑर्क या कल्पित लढाऊ जमातीचे सैन्य रंगवणारा आपल्या सरदाराच्या पट्ट्याला स्पेस मरीन या शत्रू सैनिकाचे शिरस्त्राण टांगतो, कारण कथेतले ऑर्क तसे करतात. ते शिरस्त्राण विकतच्या खोक्यातून आलेले असते, त्यासाठी कुणाला हरवावे लागत नाही. दुसरी ट्रॉफी खऱ्या डावातली. एखाद्या शनिवारी मित्राच्या सैन्याला हरवायचे, त्याच्या डब्यातून एक सुटे शिर मागून घ्यायचे, ते त्याच्याच रंगात रंगवून आपल्या मिनीवर लावायचे. हिला समोर एक हरलेला माणूस लागतो, आणि त्याने ते शिर स्वतःच्या हाताने द्यावे लागते.

पूर्वपीठिका

‘ट्रॉफी’ हा शब्द ग्रीक ‘त्रोपाइऑन’वरून आला. ‘त्रोपे’ म्हणजे वळणे. शत्रूने जिथे पाठ फिरवली त्या जागी ग्रीक लोक एक ओंडका उभा करत आणि त्यावर शत्रूचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल टांगत. मिनीच्या पाठीवर काठी रोवून तिला हरलेल्यांची शिरस्त्राणे अडकवतात, ती रचना थेट या ओंडक्याची.

मराठी वाचकाला मात्र ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या. भीमाशंकर, वाईजवळची मेणवली, नाशिकचे नारोशंकराचे मंदिर अशा ठिकाणी त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. घंटा देवाच्या दारात आली, पण तिच्यावरची ओतीव आकृती कुणी घासून काढली नाही. ती काढली असती तर उरली असती एक मोठी घंटा, वसई नव्हे. मिनीवरच्या ट्रॉफीचा पहिला नियम हाच आहे आणि तो सर्वात जास्त मोडला जातो: ट्रॉफी परकी दिसली पाहिजे. निळ्या सैन्याचे शिर मिळवून ते आपल्या सैन्याच्या लाल रंगात रंगवले, तर ते आपलेच शिर झाले. पुण्याहून सुमारे १२० किलोमीटरवर, अहिल्यानगरच्या टँक म्युझियममध्ये १९६५ च्या युद्धात ताब्यात घेतलेला पॅटन रणगाडा आहे. तोही पॅटन म्हणून ओळखू येतो, यातच त्याचे मोल.

पुण्यातल्या मुलांची लघुप्रतिमांशी पहिली ओळख दिवाळीच्या किल्ल्यावर होते. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे, तोफा, वर सिंहासनावर महाराज, आणि उताराला हळीव पेरून उगवलेले गवत. पण या किल्ल्यावर शत्रू बहुधा नसतोच. सगळे मावळे पहाऱ्यावर, लढाई कुणाशीच नाही. त्यामुळे ट्रॉफीची कल्पना किल्ल्यातून आलेली नाही. ती शोधायची तर भोवऱ्याकडे पाहावे. हरलेल्याचा भोवरा रिंगणात ठेवून बाकीचे आपल्या भोवऱ्याच्या आरीने त्यावर खोक पाडतात. तिथे खूण हरलेल्याच्या वस्तूवर उमटते. वॉरगेममध्ये ती जिंकलेल्याच्या वस्तूवर जाते. म्हणूनच इथे मागण्याची रीत महत्त्वाची ठरली, भोवऱ्यात तिचा प्रश्नच येत नाही.

कथेतल्या ट्रॉफी

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे ‘वॉरहॅमर’ (१९८३) आणि त्याचे दूर भविष्यात घडणारे भावंड ‘वॉरहॅमर ४०,०००’ (१९८७) हे या छंदातले सर्वात मोठे नाव. त्याच्या कल्पित विश्वात ट्रॉफी लावणे हा अनेक जमातींचा स्वभावच आहे. ऑर्क दातांचे चलन वापरतात आणि शत्रूची अख्खी वाहने लुटून, त्यांवर पत्रे ठोकून पुन्हा मैदानात आणतात. खॉर्न या देवाचे उपासक कवट्या गोळा करतात. त्यांची मागणी एवढी, की कंपनीने केवळ कवट्यांचे एक खोके काढले. त्यात ३४० कवट्या असतात. माणसांच्या साम्राज्याचे टायटन हे अवाढव्य युद्धयंत्र आपल्या विजयांची निशाणे पायांमध्ये लोंबकळत ठेवते. नेक्रॉन हे भावनाशून्य धातूचे सैन्य, त्यांना ट्रॉफी शोभत नाही असे म्हणावे तर त्यांच्यातच त्राझिन नावाचा एक संग्राहक निघतो. तो शत्रूच्या वस्तूच काय, जिवंत योद्धेही उचलून आपल्या दालनांत मांडून ठेवतो.

घडवण्याची पद्धत

या मिनी बहुधा २८ मिलिमीटर मापाच्या, म्हणजे तळव्यापासून डोळ्यापर्यंतची उंची साधारण तेवढी. कंपनीगणिक हे माप सैल होत जाते. १/७२ प्रमाणातल्या स्वस्त प्लॅस्टिक शिपायाचे डोके २८ मिलिमीटरच्या कमरेला टांगले तर लिंबाएवढे दिसते. १५ मिलिमीटरच्या सैन्यात ट्रॉफी चिकटवण्याच्या फंदात पडू नये. ढालीवर किंवा निशाणावर रंगाने खूण करावी.

सुटे शिर कटरने कापून, मानेचा खिळा घासून, हातड्रिलने वरून एक मिलिमीटरपेक्षा बारीक भोक पाडतात. त्यात पितळी तार किंवा जुन्या चार्जरच्या वायरीतला तांब्याचा एक धागा जातो. साखळी हवी असेल तर तुळशीबागेतल्या नकली दागिन्यांच्या दुकानात सर्वात बारीक साखळी मागावी. दुकानदार ‘पेंडंट कसले लावणार?’ असे विचारतो, त्याला ‘मुंडके’ असे खरे उत्तर देऊ नये. भाल्यासाठी टाचणी चालते. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायचे तर प्लॅस्टिक सिमेंट, धातू किंवा रेझिन असेल तर फेविक्विक. फटी भरायला परदेशी हिरवी पुट्टी न परवडणारे एम-सील वापरतात. एम-सील जास्त कडक होते आणि कापडाची चुणी त्यात नीट उठत नाही, पण बोटे ओली ठेवली तर पट्टा आणि दोरी छान वळता येते. धातूचे शिर हलक्या प्लॅस्टिक मिनीच्या पाठीवर टांगले की मिनी मागे कलंडते. त्यावर उपाय म्हणजे बेसच्या (मिनीखालच्या चकतीच्या) पोकळीत नाणे चिकटवणे.

रंगाच्या बाबतीत पुण्याचा पावसाळा वैरी आहे. जुलैच्या दमट हवेत मारलेला स्प्रे प्रायमर खरखरीत बसतो, मॅट वॉर्निश पांढरे पडते, आणि फेविक्विकची वाफ बंद डब्यात शिरावर पांढरा थर चढवते. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाबरोबर मिळणारा प्रायमर चालतो, पण आधी टाकाऊ स्प्रूवर (सुटे भाग जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) मारून पाहावा. ट्रॉफी मूळ मालकाच्या रंगात रंगवून मग स्पंजाच्या तुकड्याने तिच्या कडा खरवडल्यासारख्या दाखवतात आणि पातळ तपकिरी रंग सांध्यांत सोडतात. ती धुळीत लोळून आलेली दिसली पाहिजे. बेसवर वेताळ टेकडीची चाळलेली माती टाकणारेही आहेत. काळ्या दगडाची ती कच बाजारातल्या वाळूपेक्षा बरी दिसते.

मागणे आणि देणे

खरी ट्रॉफी मागून घेतात, उचलून नव्हे. जिंकणाऱ्याने मागायची, हरणाऱ्याने निवडायची, आणि तीही सुट्या बिट्समधून. जोडलेल्या, रंगवलेल्या मिनीला हात लावणे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे. डाव बरोबरीत सुटला तर ट्रॉफी नाही. समोर लहान मूल असेल तर जिंकूनही मागत नाहीत. उलट एखादी कवटी त्याच्याच हातावर ठेवतात.

पुण्यात हे खेळ खेळणारे थोडे, आणि टेबल म्हणजे पुष्कळदा घरातले जेवणाचेच, त्यामुळे सात वाजले की लढाई आवरावी लागते. बिट्सचा डबाही इथे जपून उघडला जातो. आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशात ज्या सुट्या शिरांची कुणी मोजदाद ठेवत नाही, ती इथे खाऊच्या डब्यात कप्पे करून ठेवलेली असतात. त्यामुळे मागितलेले शिर मिळणे ही इथे थोडी मोठी गोष्ट आहे. थ्रीडी प्रिंटरमुळे कोणतेही शिर हवे तितक्या वेळा छापता येते, पण विकत घेतलेल्या फायलीतून स्वतः छापलेले शिर पुन्हा पहिल्या, कथेतल्या तऱ्हेत जमा होते.

नियमांची अडचण

वॉरगेममध्ये मिनीच्या हातात दिसेल तेच शस्त्र तिच्याकडे आहे असे धरण्याची जुनी रीत आहे. पाठीवर टांगलेली लुटीची बंदूक त्यामुळे गोंधळ करते. ती मोडकी, उलटी किंवा दोरीने बांधलेली दाखवावी. दुसरी अडचण उंचीची. प्रत्यक्ष नजरेची रेषा मोजणाऱ्या नियमांत उंच काठीवर टांगलेल्या ट्रॉफी वादाला कारण होतात. काठीमुळे मिनी आडोशाच्या वर दिसते की नाही, हे डाव सुरू होण्याआधी बोलून घ्यावे. नेक्रोमुंडा आणि मॉर्डहाइम यांसारख्या टोळीयुद्धांच्या खेळांत शत्रूचा माणूस पकडला जाणे नियमांतच आहे. तिथे ट्रॉफी मोहिमेच्या वहीतल्या नोंदीशी जुळते, म्हणून असे खेळ या प्रथेला सर्वात पोषक.

ऐतिहासिक सैन्ये

खऱ्या युद्धांची सैन्ये मांडणारे ट्रॉफीबाबत हात आखडता घेतात. निशाण, नगारा, तोफ, मोकळा घोडा इथपर्यंत ठीक, शिरे नकोत. कल्पित ऑर्कचे मुंडके आणि एखाद्या खऱ्या माणसाचे मुंडके यात टेबलाभोवतीच्या सगळ्यांना फरक कळतो. मराठी मंडळींत त्यात आणखी एक पीळ आहे. दणदणीत हार झाली की ‘माझं पानिपत झालं’ असे सहज म्हटले जाते. पण खरोखर १७६१ चे पानिपत मांडले आणि अब्दालीच्या घोडेस्वाराच्या हाती जरीपटका दिला, तर तो डाव खेळापुरता राहत नाही. इतिहासाला धरून ते चूक नाही. तरी पुण्यात खेळताना तो जरीपटका बेसवर पडलेला दाखवणे शहाणपणाचे.

काढून घेणे

सैन्य विकायचे ठरले की ट्रॉफी अडचणीची होते. बदल केलेल्या मिनीला घेणारा कमी पैसे देतो. फेविक्विकने लावलेली ट्रॉफी सुटू शकते. मिनी पिशवीत बांधून काही तास फ्रीजरमध्ये, मटारांच्या पाकिटाशेजारी ठेवली की गोंद ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने सांधा निखळतो. प्लॅस्टिक सिमेंटचे तसे नाही. ते दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करते, त्यामुळे ती ट्रॉफी काढायची तर करवतच लागते, आणि कापताना मिनीच्या पाठीचा थोडा भाग तिच्याबरोबर जातो.