चक्कर येऊन पडलाय की हृदय बंद पडलंय?

ठाणे स्टेशनच्या पुलावर, तलावपाळीच्या फुटपाथवर किंवा नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीत कुणी कोसळलं, की पहिला आवाज ठरलेला असतो: "चक्कर आली, पाणी आणा!" बहुतेक वेळा ती चक्करच असते, म्हणून तर ही सवय लागली आहे. पण ज्या दिवशी ती चक्कर नसते, त्या दिवशी पाणी शोधण्यात गेलेली चार मिनिटं परत येत नाहीत. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. सोसायट्यांच्या हॉलमध्ये सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, शिकवताना एक गोष्ट दर वेळी दिसते. छाती दाबायची कशी, हे आजीसुद्धा पटकन शिकतात. ती दाबायची कधी, इथे सगळा घोळ आहे.

चक्कर सगळ्यांच्या ओळखीची. मे महिन्याची दुपार, एकादशीचा उपवास, गच्च भरलेल्या लोकलमध्ये कळव्यापासून एका पायावर उभं राहणं. रक्त पायांकडे साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवा झाला की रक्त पुन्हा मेंदूकडे जातं आणि मिनिटा-दोन मिनिटांत तो डोळे उघडून "काय झालं?" विचारतो. त्याला आडवंच ठेवा, पाय फूटभर उचलून धरा, पट्टा सैल करा, वारा लागू द्या. बास. मला राग येतो तो "उठा काका, बसा जरा" म्हणत काखेत हात घालून बसवणाऱ्यांचा. जी गोष्ट त्याला बरी करत होती, तीच आपण काढून घेतो. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कांदा आणि चप्पल हुंगवणं तर कायमचं बंद करा.

हृदय बंद पडणं म्हणजे कार्डियाक अरेस्ट. हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म इशाऱ्यावर पडतात. तो इशारा बिघडला की हृदय नुसतं थरथरतं किंवा थांबतं, रक्त पुढे जात नाही. हार्ट अटॅक वेगळा. त्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, छातीत दुखतं, घाम फुटतो, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि बोलतो. बोलणाऱ्या माणसाची छाती दाबायची नाही. त्याला टेकून बसवा, १०८ लावा आणि एकटं सोडू नका, कारण अटॅक आलेल्याचं हृदय पुढच्या मिनिटाला बंद पडू शकतं. आणि "अटॅक आला तर जोरजोरात खोका" हा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज कृपा करून डिलीट करा. खोकण्यात जाणारा वेळ १०८ लावण्यात घाला.

आता खरा मुद्दा. चक्कर आलेला माणूसही निपचित पडतो आणि हृदय बंद पडलेलाही. चेहरा दोघांचाही पांढरा पडतो, घाम दोघांनाही असू शकतो. फरक श्वासात असतो, आणि तिथेच भलेभले फसतात, कारण हृदय बंद पडल्यावर श्वास लगेच पूर्ण थांबेलच असं नाही. बऱ्याच जणांमध्ये पहिली काही मिनिटं मेंदूच्या तळाकडचा भाग शेवटचे आचके देत राहतो. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा जबडा खाली पडतो, तोंड उघडतं, हनुवटी वर ओढली जाते, घशातून घोरल्यासारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येतो. मग काहीच नाही. पाच, सात, दहा सेकंद शांतता. मग पुन्हा एक आचका. बघणारा सुटकेचा श्वास टाकतो: "अहो, श्वास चालू आहे त्यांचा, थांबा!" आणि दाबायला बसलेला माणूस हात मागे घेतो.

हा श्वास नव्हे. अशा आचक्याने पुरेशी हवा फुप्फुसात जात नाही, आणि गेली तरी ती मेंदूपर्यंत पोहोचवायला रक्त फिरत नसतं. चक्कर आलेल्या माणसाचा श्वास मंद असेल, उथळ असेल, पण तो एका लयीत चालतो: छाती वर, खाली, वर, खाली. म्हणून नाकाजवळ बोट धरून बसू नका, स्टेशनच्या वाऱ्यात तिथे काही कळत नाही. नजर छाती-पोटावर ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात छाती नेमाने वर-खाली होताना दिसली तर ठीक. एखादाच आचका दिसला, किंवा "आहे की नाही?" असा प्रश्न पडला, तर श्वास नाही असंच धरायचं. शंका आली की दाबायचं. यावर मी वाद घालत नाही.

शिकवताना कुणीतरी विचारतंच, "आणि ती चक्करच असली तर?" तर दोन-चार दाबांत तो माणूस कण्हेल, हात ढकलेल, आणि तुम्ही थांबाल. चालू हृदयावर चुकून दाब दिल्याने गंभीर इजा क्वचितच होते. बंद हृदयावर दाब न दिल्याने माणूस जातो. मदत मिळाली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

दुसरा चकवा फिटचा. हृदय बंद पडताच मेंदूला प्राणवायू कमी पडून हातपाय काही क्षण झटके देऊ शकतात. लोक लगेच मुठीत किल्ल्या कोंबतात. खऱ्या फिटमध्येही किल्लीचा काही उपयोग नसतो. झटके थांबले की पुन्हा छातीकडे बघा. फिट येऊन गेलेला माणूस जोरात, घोरत का होईना, पण सलग श्वास घ्यायला लागतो. त्याला कुशीवर वळवा. श्वास आला नाही, तर छातीवर हात.

नाडी बघू नका. मनगट धरून डोळे मिटून बसणारा एक तरी जण प्रत्येक घोळक्यात असतो, आणि घाबरल्यावर स्वतःच्याच बोटातले ठोके त्याला जाणवतात. सामान्य माणसांनी नाडी तपासायची ही पायरी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००० सालीच काढून टाकली. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा, "ओ काका! ऐकू येतंय का?" उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरे.

मग एकाकडे बोट दाखवून सांगा, "निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा." नुसतं "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवून सुरू करा. माणूस कडक जमिनीवर हवा, गादीवर नको. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा जाड भाग, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेले हात खोल दाबत नाहीत, आणि घोडबंदर रोडला संध्याकाळी कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून ॲम्ब्युलन्स किती वेळात येईल याचा भरवसा नसतो. सोसायटी असेल तर एकाला गेटवर पाठवा, बॅरिअर वर आणि लिफ्ट खाली धरून ठेवायला.

तोंडाने श्वास देता येत नाही म्हणून मागे सरू नका. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरतील एवढा प्राणवायू असतो, तो फिरवायचं काम तुमचे हात करतात. नुसत्या हातांच्या सीपीआरला २००८ पासून अधिकृत मान्यता आहे. अपवाद लहान मुलांचा, आणि उपवन तलावात किंवा येऊरच्या ओढ्यात बुडालेल्यांचा. तिथे मुळात प्राणवायूच संपलेला असतो, त्यामुळे ज्याला येतं त्याने श्वासही द्यावा. येत नसेल तर नुसतं दाबणंही काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि चक्करच ठरली तरी काही चकरा लिंबूसरबतावर सोडायच्या नसतात. धावताना किंवा जिना चढताना आलेली, छातीत धडधडून किंवा दुखून आलेली, किंवा ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे त्याला आलेली. अशा माणसाला रिक्षात बसवून घरी पाठवू नका, त्याच दिवशी ईसीजी काढायला न्या.