मिलान-झुरिच: फास्ट गाडी आणि सीनिक गाडी वेगळ्या कधी झाल्या

ट्रिप आखायला बसलं की आपल्याकडे हा प्रश्न हमखास निघतो, मिलानहून झुरिचला फास्ट गाडीनं जायचं की सीनिक गाडीनं. गंमत अशी की डिसेंबर २०१६ पर्यंत गॉटहार्डवर, म्हणजे या वाटेवरच्या आल्प्सच्या डोंगरावर, हा प्रश्नच नव्हता, जी फास्ट तीच सीनिक. म्हणजे तुम्ही आज ॲप उघडून जे दोन ऑप्शन बघता ते खरं तर नव्वदच्या दशकात झालेल्या मतदानातून आलेत, आणि त्या मतदानात टुरिस्टांचा कुणी फारसा विचार केलेला नव्हता.

फार मागे जात नाही. १८८२ मध्ये गॉटहार्डचा पहिला बोगदा सुरू झाला, १५ किलोमीटरचा, ज्यानं ठेका घेतला होता तो काम संपायच्या आधीच १८७९ मध्ये बोगद्यात पाहणी करताना गेला, आणि मजूर तर दीडशेहून जास्त गेले. बोगद्याचं तोंड ११०० मीटरवर, तिथवर गाडी चढवायची तर डोंगराच्या आत गोल गोल फिरवत न्यावी लागली. वासेन गावचं ते फेमस पांढरं चर्च तीनदा दिसतं ते याच चकरांमुळे. मालगाडीला मागून जादा इंजिन लावायचं, कर्जतला बँकर लावतात तसंच.

मग १९५७ ला त्या फक्त फर्स्ट क्लासवाल्या आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस गाड्या आल्या. इथं खरी अडचण सीमेची कमी आणि विजेची जास्त होती, स्वित्झर्लंडमध्ये १५ हजार व्होल्ट एसी, इटलीत ३ हजार व्होल्ट डीसी, शेजारी आणखी तिसरंच. म्हणून १९६१ मध्ये झुरिच-मिलानसाठी चार प्रकारच्या विजेवर चालणारी गाडी आणली, सीमेवर इंजिन बदलायची भानगड नाही. १९८७ पासून युरोसिटी नावाच्या आंतरराष्ट्रीय गाड्या, त्यात सेकंड क्लासपण आला. तरी आपल्या पासपोर्टवाल्यांना वेगळा स्विस व्हिसा लागायचाच, स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आलं डिसेंबर २००८ ला. आज मिलानमध्ये नाश्ता आणि झुरिचला जेवण असं जे सहज म्हणतो ते त्यानंतरचं.

आता मुख्य मुद्दा, बेस टनेल, म्हणजे पायथ्याचा बोगदा. १९८० मध्ये गॉटहार्डचा रस्त्याचा बोगदा उघडला आणि ट्रकांची रीघ लागली, खोऱ्यातली गावं धूर आणि आवाजानं हैराण. १९९२ मध्ये जनमत घेऊन डोंगराच्या पायथ्यातून नवे रेल्वे बोगदे काढायचं ठरलं, १९९४ मध्ये परत मतदान होऊन आल्प्समधून आरपार जाणारा माल रस्त्यावरून रुळांवर न्यायचा असं थेट घटनेतच घातलं. म्हणजे हा बोगदा मालगाड्यांसाठी. चढ नको, वळण नको, ५७ किलोमीटर जवळजवळ सपाट, सगळ्यात उंच जागा ५४९ मीटर. जून २०१६ ला उद्घाटन, डिसेंबरात नेहमीच्या गाड्या सुरू. खालून वीसेक मिनिटं अंधार, झालं. २०२० मध्ये पुढचा चेनेरीचा १५ किलोमीटरचा बोगदा जोडला गेला आणि झुरिच-लुगानो दोन तासांच्या आत आलं.

आणि वरची जुनी लाइन? यावरून बरीच भांडणं झाली आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घेण्यासारखं आहे. एका बाजूचं म्हणणं, दोन लाइनी सांभाळायचा खर्च कोण करणार, गर्दी सगळी खालून जाणार, वर लोकल गाडी पुरे. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे वरच्या गावांचं आणि रेल्वेवेड्यांचं म्हणणं, थेट गाडी काढलीत की लाइन मेलीच समजा. सुरुवातीला पहिल्या बाजूचं चाललं, वरून जायचं तर बहुतेक वेळा एर्स्टफेल्डला उतरून गाडी बदलायची. बॅगा घेऊन, म्हातारी माणसं घेऊन बदलून बघा एकदा. चार वर्षं असंच गेलं आणि मग डिसेंबर २०२० पासून दुसऱ्याच एका लहान रेल्वे कंपनीनं तांब्याच्या रंगाच्या गाड्या आणल्या, बाझल आणि झुरिचहून आलटून पालटून थेट बेलिन्झोनाकडे, दर तासाला, रिझर्व्हेशन न करता. मला विचाराल तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण असो.

त्यात १० ऑगस्ट २०२३ ला बेस टनेलमध्ये एका मालगाडीचं चाक तुटलं, डबे घसरले, कित्येक किलोमीटर रूळ खराब. पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर बऱ्याचशा फास्ट गाड्या वरच्या जुन्या लाइनीनं, तासभर उशिरा. ज्या लाइनीला जादा म्हणत होते तिनंच वर्षभर देशाचा उत्तर-दक्षिण प्रवास ओढला, आणि फास्टचं तिकीट काढलेल्यांना वासेनचं चर्च फुकटात दिसलं, त्यातले अर्धे घड्याळाकडे बघून वैतागलेले होते ते सोडा. त्याच ऑगस्ट २०२३ मध्ये पॅरिस-मिलान मार्गावर फ्रान्सच्या बाजूला दरड कोसळली, ती लाइन तर थेट मार्च २०२५ च्या शेवटी उघडली. तेव्हा एकाच फास्ट लाइनीवर सगळा प्लॅन टांगू नये एवढं कळलं.

आता या 'सीनिक' शब्दाचा घोळ. गॉटहार्डवर पॅनोरमा नावाची गाडी आहे, लुसर्नहून आधी बोट आणि मग मोठ्या काचांचा फर्स्ट क्लासचा डबा, रिझर्व्हेशन सक्तीचं. ती आणि ती तांब्याची साधी गाडी, दोन्ही एकाच रुळावरून जातात, चर्च तेच, दऱ्या त्याच. बर्निना घाटातल्या लाइनीचं तसंच, इटलीतल्या तिरानोहून वर २२५३ मीटरपर्यंत, दात्याचा रूळ न लावता, १९१० ची लाइन, २००८ पासून जागतिक वारसा. तिथं लाल एक्सप्रेसला जादा पैसे भरून सीट घ्यावी लागते, पण त्याच लाइनीवरच्या साध्या लाल गाडीत नुसतं चढायचं, वर खिडकी उघडते, फोटोत काचेची चमक येत नाही. युरोपभर चालणारा रेल्वे पास असला तरी 'सीट मिळाली' असा अर्थ नाही हे लोक विसरतात, मिलानहून सीमा ओलांडणाऱ्या युरोसिटीलाही रिझर्व्हेशन लागतंच. आणि पास युरेल की इंटररेल हे पासपोर्टवर नाही, राहता कुठे त्यावर ठरतं: म्युनिकला नोकरी करणारा मुलगा इंटररेल घेणार आणि पुण्याहून आलेले आईबाबा युरेल, बसणार एकाच बाकावर.

नावाला फार भुलू नये याचं जुनं उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडमधलीच ग्लेशियर एक्सप्रेस. १९३० पासून चालू, ज्या हिमनदीवरून नाव पडलं ती १९८२ मध्ये फुर्काचा पायथ्याचा बोगदा झाल्यापासून गाडीतून दिसतच नाही.

सध्या हिशोब असा आहे. मिलान-झुरिच थेट, साडेतीन तासांच्या आत, आणि लुगानोचं तळं, झुगचं तळं तरीही दिसतंच, अगदीच अंधार नाही. बेलिन्झोनाला उतरून तांब्याची गाडी धरली तर तासभर किंवा थोडा जास्त वेळ वाढतो. तिरानो-बर्निना-खूरवरून घेतलं तर दिवस गेला. ॲप मात्र न विचारता खालचा बोगदाच दाखवतं, वरून जायचं तर 'मार्गे' मध्ये ग्योशेनेन (जुन्या बोगद्याच्या तोंडाचं स्टेशन) असं हातानं टाकावं लागतं. आम्ही तसं टाकून आईबाबांना नेलं होतं. चर्च पहिल्यांदा खाली दरीत दिसलं, मग समोर आलं, आणि तिसऱ्यांदा डोक्यावर दिसल्यावर बाबा चिवड्याच्या डब्यातून मान वर करून म्हणाले, "या भागात चर्चं सगळी एकाच साच्यातली बांधलीत वाटतं."