कॅम्पर व्हॅनचा पिकअप, ॲव्हरेज आणि नागपूरचा मे महिना

"चिप टाकून घ्या, पिकअपही वाढेल आणि ॲव्हरेजही." डिझेल गाडी बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळालेला असतो. चिप म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल फवारायला लावणारं इलेक्ट्रॉनिक साधन. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पुढं समृद्धी महामार्ग झाला, आणि आता ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून पेंच-ताडोब्याकडे निघालेली मंडळी नागपुरातही दिसू लागली आहेत. साहजिकच हा सल्ला त्यांच्यापर्यंतही पोचला आहे. तो अर्धाच खरा आहे. पिकअप ठरतो इंजिनाच्या आत जाणाऱ्या हवेवर. हायवेवरचा ॲव्हरेज मात्र ठरतो गाडीला समोरून बाजूला सारावी लागणाऱ्या हवेवर. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, आणि नागपूरचा उन्हाळा दोन्हींवर अगदी उलट परिणाम करतो.

आधी आतली हवा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबानं ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते, आणि त्यात नोझलनं डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. जास्त ताकद हवी असेल तर जास्त डिझेल फवारायचं. पण एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. काही मिलिसेकंदांच्या घाईत प्रत्येक थेंबाला आपली हवा सापडायला हवी, म्हणून प्रत्यक्षात अठरा-वीस किलो तरी द्यावी लागते. ती कमी पडली की सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. हा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल, आणि त्याचे पैसे आपण पंपावर मोजलेले असतात.

इंजिनाच्या सिलिंडरला हवा घनफळानं मिळते, ज्वलनाला मात्र ती वजनानं लागते. सगळी मेख इथे आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं हवा कोंबून आत पाठवायची. हाच टर्बो. आजच्या व्हॅनमधला टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो.

पण दाबली की हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, ते याच कारणानं. मे महिन्यातल्या दुपारी, ४३ अंशांत, काय होतं ते मांडून पाहू. निरपेक्ष मापात हे तापमान ३१६ केल्विन. टर्बोनं दाब दुप्पट केला, तर आदर्श यंत्रात ही हवा ३८५ केल्विनला जाईल, म्हणजे ६९ अंशांची वाढ. खरा टर्बो आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर वाढ ९९ अंशांची होते आणि हवा ४१५ केल्विनला, म्हणजे १४२ सेल्सिअसला पोचते. घनता दाबाच्या सम प्रमाणात आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून २ गुणिले ३१६ भागिले ४१५, उत्तर १.५२. दाब दुप्पट झाला, पण हवा दीडपटच मिळाली.

आता ही हवा इंटरकूलरमधून, म्हणजे तिला थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या जाळीतून नेऊन ६५ अंशांवर, म्हणजे ३३८ केल्विनवर आणली तर तेच गुणोत्तर १.८७ होतं. २२०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचा वाटा ५५० सीसीचा. नागपूरच्या त्या दुपारी टर्बोविना त्यात ०.६ ग्रॅम हवा मावते, टर्बोनं ०.९ ग्रॅम, आणि इंटरकूलर नीट चालला तर १.१ ग्रॅम. अठरास एक या हिशेबानं काळा धूर न काढता ०.९ ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम डिझेल जाळता येतं, १.१ मध्ये ६१. म्हणजे नुसती हवा थंड केल्यानं बावीस-तेवीस टक्के जास्त जोर मिळाला. डिझेलच्या कारभारात मला याहून देखणी गोष्ट माहीत नाही.

म्हणूनच घाटात गाडी ओढत नसेल तर चिपच्या आधी बॉनेट उघडावं. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत जाणाऱ्या जाड रबरी होजवर बोट फिरवा. जोडाशी तेलाचा पातळ थर आणि त्यात घट्ट बसलेली काळी धूळ हाताला लागली, तर तिथून हवा गळते आहे. क्लॅम्प ढिला असतो किंवा होजच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला चीर असते. एक्सिलरेटर दाबल्यावर फुसफुस ऐकू येणं हीही तीच खूण. नंतर इंटरकूलरच्या जाळीकडे पाहा. कापसाच्या पट्ट्यातल्या रस्त्यांवर तिच्यात धूळ, तंतू आणि किडे यांचा थर इतका बसतो की हवा आरपार जातच नाही. जाळी आतून बाहेरच्या दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवावी. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा थेट मारला तर पत्रे वाकतात. आणि गाडीचं तोंड भारदस्त दिसावं म्हणून जाळीसमोर बसवलेले दिव्यांचे पट्टे काढून टाकावेत.

इतकं करून ॲव्हरेज किती वाढतो? सपाट हायवेवर, फारच थोडा. साडेतीन टनांची, साडेचार चौरस मीटर तोंडाची व्हॅन घ्या आणि हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.४५ धरा. ताशी ८० किलोमीटरला समोरची हवा सुमारे ५५० न्यूटननं मागे रेटते, टायरचा विरोध ३४० न्यूटन. दोन्ही मिळून सत्तावीसेक हॉर्सपॉवर लागतात. शंभरच्या वर हॉर्सपॉवरचं इंजिन चौथाई ताकदीवर चाललेलं असतं आणि त्याला हवा मुबलक असते. चिपनं वाढवलेली ताकद इथे कामालाच येत नाही.

वेग शंभर केला की टायरचा विरोध जवळपास तेवढाच राहतो, हवेचा मात्र वर्गानं वाढून ८६० न्यूटन होतो. एकूण विरोध पस्तीस टक्के जास्त. ८० ला लिटरमागे बारा किलोमीटर देणारी गाडी १०० ला नऊवर येते ती यामुळे. गंमत म्हणजे ४३ अंशांतली हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्के विरळ असते. इंजिनाचा श्वास कोंडणारा मे महिना बाहेरचा विरोध मात्र तेवढाच हलका करतो.

आता टपावरचं सामान. एक मीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर उंच पेटी बसवली तर शंभरच्या वेगाला एकूण विरोध सहा टक्क्यांनी वाढतो. समृद्धीच्या ७०१ किलोमीटरमध्ये हे साडेचार लिटरच्या आसपास डिझेल झालं. लोक मात्र पाण्याच्या टाकीची काळजी करतात. शंभर लिटर पाणी परतवाड्याहून सातशे मीटर वर चिखलदऱ्याला चढवायला साठ मिलिलिटरसुद्धा डिझेल जास्त लागत नाही. टायरवर पडणारा त्याचा भार धरला तरी समृद्धीवर ते पाणी अर्धा-पाऊण लिटरच खातं. पाणी न्या, पेटी आत घ्या.

डिझेलच्या नळीवर बसवायची चुंबकं अजून विकली जातात. रेणू रांगेत येतात आणि डिझेल पूर्ण जळतं, असा दावा असतो. हायड्रोकार्बनवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो. शिवाय आजच्या कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या) इंजिनात तेच डिझेल पुढे हजार-दीड हजार बारच्या वर दाबून केसाएवढ्या भोकांतून उडवलं जातं, तिथे कसली रांग टिकणार? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणवणारी शंभरावर साधनं तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. विज्ञानाचे शब्द वापरून विकलेली ही अंधश्रद्धाच आहे, आणि तिच्यावर पैसे घालवू नयेत.

पिकअपचा ॲव्हरेजला उपयोग होतो तो एकाच ठिकाणी. खालच्या आरपीएमला जोर मिळाला तर वरचा गिअर लवकर टाकता येतो, आणि कमी फेऱ्यांत पिस्टन-बेअरिंगचं घर्षण कमी होतं. त्यासाठीही होज आणि जाळी धड असणं पुरेसं आहे. टायरची हवा मात्र सकाळी, गाडी निघायच्या आधीच तपासावी. तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला असतो, तो पाहून हवा काढली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहतो. मग त्याच्या भिंती जास्त वाकतात, तापतात, डिझेलही खातात आणि काँक्रीटच्या रस्त्यावर फुटतातही.

राहिला डीपीएफ. १ एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल व्हॅनमध्ये काजळी अडवणारी ही गाळणी असते. ती भरली की गाडी थोडं जादा डिझेल वापरून तिला सहाशे अंशांच्या जवळपास तापवते आणि काजळी जाळते. सीताबर्डी ते धरमपेठ अशा फेऱ्यांत हे जाळणं दर वेळी अर्धवट सुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि ॲव्हरेज घसरतो. मग कुणीतरी गाळणी पोकळ करून घ्यायला सांगतं. ते बेकायदा आहे, आणि तो काळा कण शेवटी आपल्याच मुलांच्या फुप्फुसात जातो. डॅशबोर्डवर दिवा लागला तर गाडी अमरावती रोडनं कोंढाळीच्या दिशेला घ्या, वेग साठ-सत्तरवर स्थिर ठेवा आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नका.