टेनिसवाला म्हणजे कोट्यधीश?

विम्बल्डन लागलं की भर पावसात आमच्या रत्नागिरीतल्या टपरीवर हे हमखास ऐकू येतं: "ह्यांचं बरं आहे, हरले तरी लाखो रुपये घेऊन घरी!" विम्बल्डनपुरतं खरं आहे. पण वर्षात आठवडे ५२ असतात.

टेनिसपटूला पगार नसतो. विमान, हॉटेल, कोच, रॅकेटच्या तारा, सगळं पदरचं. सर्वांत खालच्या पातळीवरच्या एम१५ स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर. एकेरी जिंकणाऱ्याला त्यातले २,१६०, तेही कर कापण्याआधी. पहिल्याच फेरीत हरलेल्याचं तर परतीचं तिकीटही सुटत नाही. आंबा बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. वाशीतला पेटीचा भाव ऐकून लोक डोळे विस्फारतात. फवारणी, राखण, उतरवणी, टेम्पो, दलाली कोण मोजतो?

सुमित नागलचंच बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये एकेरीत भारताचा अव्वल असताना खात्यात ९०० युरो, म्हणजे जेमतेम ८० हजार रुपये उरलेत, असं त्यानंच सांगितलं. एक कोच घेऊन फिरायचं तर वर्षाला ८० लाख ते १ कोटी लागतात, हेही. जानेवारी २०२४ मध्ये पात्रता फेऱ्या खेळून तो ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये शिरला, ३१व्या मानांकित बुब्लिकला हरवलं आणि १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले.

पण क्रमवारी ठरवणारे कमावलेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात, दुखापत असो वा नसो. जुलै २०२४ मध्ये ६८व्या क्रमांकावर पोचलेला नागल पुढच्याच वर्षी पहिल्या शंभरातून बाहेर गेला.