ऑक्सितान लोकगीतं: वहीतून फितीवर, फितीवरून पुन्हा गळ्यात

तुलूझचा ‘कोकान्या’ हा गायिकांचा गट किंवा कोरेझमधला सहा गायकांचा ‘सान साल्वादोर’ यांना आज युरोपभरच्या महोत्सवांत बोलावणी येतात. टाळ्या, पायांचे ठेके, ढोल आणि मोकळ्या गळ्याचा खडा आवाज, एवढ्यावर त्यांची मैफल उभी राहते. गाण्याचे शब्द ऑक्सितान भाषेतले असतात. समोरच्या बहुतेकांना त्यातलं अक्षरही कळत नाही, तरी लोक जागेवर बसून राहत नाहीत. हे गाणं पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आलं, असं ऐकणाऱ्याला सहज वाटेल. प्रत्यक्षात मधली साखळी तुटली होती, आणि ती पुन्हा जोडायला अनेकांची आयुष्यं लागली.

ऑक्सितान ही दक्षिण फ्रान्सच्या मोठ्या पट्ट्याची भाषा. प्रोव्हान्स, लांगदोक, गास्कनी, लिमुझँ, ओव्हेर्न्य अशा प्रदेशांत तिच्या वेगवेगळ्या बोली आहेत. स्पेनमधल्या आरान खोऱ्यात आणि इटलीच्या पश्चिम आल्प्समधल्या काही खोऱ्यांतही ती बोलली जाते. मध्ययुगात त्रुबादूर कवींनी याच भाषेत राजदरबारी प्रेमकाव्य रचलं. त्यांची कीर्ती मोठी असली तरी शेतात, गोठ्यात आणि बाळाच्या पाळण्यापाशी गायलं जाणारं गाणं वेगळ्याच वाटेनं आलं, आणि ते जवळजवळ सगळं तोंडी होतं.

१५३९ च्या व्हिलेर-कॉत्रेच्या राजाज्ञेनं न्यायालय आणि दफ्तराची भाषा फ्रेंच झाली. खेड्यातल्या बोलण्याला त्याची फारशी झळ लागली नाही. खरा घाव एकोणिसाव्या शतकातल्या शाळेनं घातला. १८८१-८२ च्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. अनेक शाळांत ऑक्सितान बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती एखादी ठरावीक वस्तू दिली जाई. दुसरं कुणी तसं बोलताना सापडलं की ती त्याच्याकडे जाई, आणि दिवसअखेर ज्याच्याकडे ती उरेल त्याला शिक्षा. म्हणजे मुलांनीच एकमेकांवर पाळत ठेवायची. या लाजेला तिकडे ‘व्हेर्गोन्या’ म्हणतात. आजीआजोबांनी नातवंडांशी स्वतःच्या भाषेत बोलणं सोडलं, तिथं गाणंही थांबलं. लोकगीत कसं मरतं याचं यापेक्षा क्रूर उदाहरण मला माहीत नाही.

याच शतकात गाणी टिपून ठेवायची धडपडही सुरू झाली होती. १८५२ मध्ये सरकारी हुकमानं फ्रान्सभरची लोकगीतं गोळा करण्याचं काम निघालं. १८५४ मध्ये फ्रेदेरिक मिस्त्राल आणि त्याच्या सोबत्यांनी भाषेच्या उत्थानासाठी ‘फेलिब्रीज’ ही संस्था काढली. मिस्त्रालला १९०४ मध्ये नोबेल मिळालं. दामाझ आर्बो यांनी प्रोव्हान्सची आणि फेलिक्स आर्नोदँ यांनी लांद प्रदेशाची गाणी छापली. हे ऋण फार मोठं आहे. पण कागदावर शब्द उतरतात, सुरावट बरीचशी उतरते. आवाजाची ठेवण, स्वरांमधलं थोडं वर-खाली सरकणं आणि नाचाची लय सुटून जाते.

जोझेफ कांतलूब यांनी १९२० च्या दशकापासून ओव्हेर्न्यची गाणी वाद्यवृंदासाठी बांधली. नदीच्या दोन तीरांवरून गुराख्यांना घातलेली साद असलेलं ‘बायलेरो’ त्यामुळे जगभर पोचलं. ती रचना अतिशय सुंदर आहे, पण तिच्यात ऐकू येतो तो शिकवलेल्या गायिकेचा आवाज. गावातला गळा अजून कुणी मैफलीत आणला नव्हता.

१९६० च्या अखेरीस वारं बदललं. कार्कासोनजवळच्या खेड्यात शिक्षक असलेल्या क्लोद मार्ती यांनी गिटार घेऊन ऑक्सितानमध्ये नवी गाणी गायला सुरुवात केली. १९७१ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या लार्झाक पठारावरची लष्करी छावणी सुमारे ३,००० हेक्टरवरून १७,००० हेक्टरपर्यंत वाढवायचं सरकारनं जाहीर केलं. शेतकरी दहा वर्षं लढले आणि १९८१ मध्ये ती योजना रद्द झाली. ‘गार्दारेम लो लार्झाक’, लार्झाक आम्ही राखू, ही घोषणा ऑक्सितानमधली होती. ज्या भाषेची लाज वाटायची, तीच आता सभेत ताठ मानेनं गायली जात होती.

तरी माझ्या मते निर्णायक काम व्यासपीठापासून दूर झालं. त्याच दशकात तरुण मंडळी टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. १९७१ मध्ये तुलूझला ‘कोन्सेर्व्हातुआर ऑक्सिताँ’ हे ऑक्सितान लोकसंगीताचं केंद्र उभं राहिलं. १९७९ मध्ये तार्न भागात दानियेल लोद्दो आणि सहकाऱ्यांनी ‘ला ताल्व्हेरा’ सुरू केलं. ओव्हेर्न्यमध्येही असंच संकलन झालं. आता शब्दांबरोबर श्वास, ठेका, मध्येच विसरणं, हसणं, सगळं फितीवर आलं. दक्षिण फ्रान्समधल्या ‘काळा डोंगर’ या डोंगररांगेच्या परिसरातली ‘बोदेगा’ ही अख्ख्या शेळीच्या कातड्याची मशकबीन (पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य) जवळजवळ नामशेष झाली होती. तीही पुन्हा बनू आणि वाजू लागली. आजच्या गायकांचे गुरू याच फिती आहेत. कितीतरी गाण्यांना हा आधार अगदी शेवटच्या घटकेला मिळाला.

पुढची उडी शहरांतून आली. १९८४ मध्ये मार्सेयला ‘मासिलिया साउंड सिस्टम’नं प्रोव्हान्सची बोली जमैकाच्या रेगे संगीताच्या तालावर बसवली. तुलूझमध्ये क्लोद सिक्र यांच्या ‘फाब्युलस त्रोबादोर्स’नं ईशान्य ब्राझीलच्या एंबोलादा या सवालजवाबी गायकीशी त्रुबादूरांच्या वादगीतांचा धागा जुळवला. २००१ मध्ये मानु तेरों यांनी मार्सेयमध्ये ‘लो कोर दे ला प्लाना’ हा पुरुषांचा गट बांधला: अनेक आवाजांची गुंफण, टाळ्या आणि डफ, बस्स. गावचं गाणं गंजलेलं आणि शहरचं ताजं, ही समजूत या मंडळींनी मोडून काढली. लांगदोकच्या ‘ला माल क्वाफे’ आणि नंतर कोकान्या यांनी बायकांची गाणी पुढे आणली. कोकान्या जुन्या गीतांतले शब्द आजच्या स्त्रीच्या नजरेनं बदलतातही. काहींना ते खटकतं; मला योग्य वाटतं, कारण तोंडी परंपरेत गाणारीनं शब्द बदलणं नेहमीचंच होतं.

भाषेची स्थिती मात्र नाजूक आहे. २०२० च्या पाहणीत फ्रान्सचे नूव्हेल-आकितेन आणि ऑक्सितानी हे प्रशासकीय विभाग आणि आरान खोरं मिळून सुमारे ५,४०,००० भाषक आढळले, त्यांचं सरासरी वय ६६. १९७९ मध्ये पो शहरात सुरू झालेल्या ‘कालांद्रेता’ शाळा मुलांना ऑक्सितानमधून शिकवतात. पण २०२१ मध्ये कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या फ्रान्सच्या संविधान परिषदेनं प्रादेशिक भाषांमधलं असं पूर्ण माध्यमशिक्षण घटनाबाह्य ठरवलं, आणि त्याविरोधात लोक रस्त्यावर उतरले. आजचे बरेच तरुण गायक ही भाषा घरात शिकलेले नाहीत. ती त्यांनी शाळेत, अभ्यासवर्गात किंवा गाण्यातूनच मिळवली. जुन्या फितीवरचा एखादा शब्द अडला तर त्यांना अजूनही गावातल्या कुणा वयस्काचं दार ठोठवावं लागतं, म्हणून संकलनाचं काम संपलेलं नाही.