नवीन म्युझिशियन्सना मदत करणारी संस्था पुण्यात रजिस्टर करायचीय? आधी उद्देश नीट लिहा

स्वतःची गाणी करणाऱ्या पोरापोरींना रेकॉर्डिंगला, पहिल्या शोला थोडा हात द्यायचा म्हणून संस्था काढू असं बरेच जण म्हणतात, आणि गाडी अडते ती जायचं कुठे इथेच. तर ढोले पाटील रोडवर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे. अर्ज त्यांच्या साइटवर ऑनलाइन भरायचा, पण कागदांची फाइल घेऊन चकरा होतातच, त्याची तयारी ठेवा.

ट्रस्ट दोघांतही होतो. सोसायटीला, म्हणजे सभासदांच्या नोंदणीकृत संस्थेला, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे कमीत कमी ७ जण लागतात. सेक्शन ८ कंपनी (नफा वाटून न घेणारी कंपनी) हाही मार्ग आहे, पण दरवर्षीचं कम्प्लायन्स आणि सीएची फी बघता छोट्या ग्रुपने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. मी सोसायटीच म्हणेन, कारण निवडणूक होते, सगळं एकाच माणसाच्या खिशात राहत नाही. शिवाय त्या जुन्या कायद्यात ललितकलांचा प्रसार हा उद्देश सरळ लिहिलेलाच आहे. सातही जण एकाच घरातले घेऊ नका, प्रश्न विचारतात. आपल्याकडे सोसायटीची नोंद दोनदा होते, एकदा १८६० च्या कायद्याखाली आणि मग सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून १९५० च्या कायद्याखाली, दोन्ही त्याच ऑफिसात. दुसरी झाली की 'एफ' ने सुरू होणारा नंबर मिळतो. ट्रस्टला 'ई'.

आता खरा मुद्दा, संस्थेच्या घटनेतले उद्देश. आमच्या पहिल्या मसुद्यात 'सभासदांच्या अल्बमचे प्रकाशन व प्रसिद्धी' असं वाक्य होतं. वकीलबाईंनी त्याखाली पेनाने दोनदा रेघ मारली आणि विचारलं, ही संस्था आहे का तुमचा बँड? बरोबरच होतं, फायदा लोकांना व्हायला हवा, सभासदांना नाही. मग आम्ही 'नवोदित स्वतंत्र गायक, वादक व संगीतकारांना जात, धर्म, लिंग असा भेद न करता रेकॉर्डिंग, प्रशिक्षण व सादरीकरणासाठी साहाय्य करणे' असं केलं. हे एक वाक्य पुढे इन्कम टॅक्सवालेही वाचतात. तिथे संगीताची मदत बहुतेक 'सार्वजनिक उपयोगिता' या सदरात बसते, आणि मग तिकीट विक्री, स्पॉन्सरशिप असली धंद्यासारखी कमाई एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. म्हणजे दर महिन्याला तिकीट लावून गिग करू आणि त्यावरच संस्था चालवू हा प्लॅन असेल तर तो कंपनीचा प्लॅन आहे. एनएच७ वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल २०१० ला पुण्यातच सुरू झाला, पण तो व्यवसाय होता, त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला ८०जी (देणगीदाराला टॅक्समध्ये सूट) मिळत नाही.

कागद म्हणाल तर सगळ्यांचे आधार, पॅन, फोटो, संमतीपत्रं, पहिल्या मीटिंगचा ठराव, घटना नि नियमावली, प्रतिज्ञापत्र आणि ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा. शेवटच्यावर आमचं घोडं अडलं. प्रॅक्टिस रूम नारायण पेठेतल्या वाड्यात, लाइट बिल मालकांच्या वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि एनओसीवर सही नातवाची, म्हणून फाइल परत. शेवटी खजिनदाराच्या कोथरूडच्या घराचा पत्ता दिला, बिल तिच्या आईच्या नावावर, काकूंनी चहा देता देता एनओसीवर सही केली, विषय संपला.

नोंदणी झाली की संस्थेचं पॅन, बँक खातं, मग १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी, जे नव्या संस्थेला आधी ३ वर्षांपुरतं प्रोव्हिजनल मिळतं. देणगीदाराला सांगून ठेवा, २००० च्या वर कॅश दिली तर ८०जीची सूट नाही, यूपीआय करा. कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) लगेच मिळेल असं धरून चालू नका, त्याला सीएसआर-१ हा फॉर्म लागतो आणि कंपनीची स्वतःची नसलेली संस्था असेल तर तिचं साधारण ३ वर्षांचं काम बघतात.

दरवर्षी ऑडिट चुकवायचं नाही. आणि कमिटीतलं कोणी बदललं की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (धर्मादाय ऑफिसला बदल कळवण्याचा अर्ज), हा सगळे विसरतात. आमचा सेक्रेटरी ड्रमर होता, बेंगळुरूला नोकरी लागली आणि गेला, राजीनाम्यावर सही घ्यायला आम्हाला त्याच्यामागे दोन महिने फोन करत फिरावं लागलं, तेव्हा निरोपाच्या पार्टीतच कागद पुढे करा.