क्लोमिफिन की लेट्रोझोल? काम एकच, तऱ्हा वेगळी

मूल हवं असणाऱ्या स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या या दोन्ही गोळ्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत सुरू होतात, सहसा पाचच दिवस घ्यायच्या असतात, आणि दोन्हींकडून अपेक्षा एकच: अंडं तयार व्हावं आणि वेळेवर फुटावं. त्यामुळे ‘मैत्रिणीला दिली होती तीच ना ही?’ असं वाटणं साहजिक आहे. पण ही ती नव्हे.

रक्तात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी आहे असं मेंदूला वाटलं, की पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे हार्मोन वाढवते आणि अंडाशयातले फॉलिकल, म्हणजे अंडं धरणाऱ्या इवल्या पिशव्या, वाढू लागतात. क्लोमिफिन मेंदूतले इस्ट्रोजेनचे रिसेप्टर अडवून बसतं. इस्ट्रोजेन असतं, पण मेंदूला त्याचा पत्ता लागत नाही. लेट्रोझोल अरोमाटेज हे एन्झाइम रोखतं, त्यामुळे इस्ट्रोजेन खरोखरच कमी बनतं.

खरी गंमत पाच दिवस संपल्यावर आहे. लेट्रोझोल काही दिवसांत शरीराबाहेर जातं. मग वाढणाऱ्या फॉलिकलचं इस्ट्रोजेन मेंदूपर्यंत पोहोचतं, एफएसएच उतरतं, मागे पडलेले फॉलिकल सुकतात आणि बहुधा एकच पुढे जातो. क्लोमिफिन मात्र रेंगाळतं. त्याचा काही अंश कित्येक आठवडे रक्तात राहतो. त्यामुळे एफएसएच चढंच राहून दोन-तीन फॉलिकल एकदम वाढू शकतात. जुळं म्हटलं की घरचे खूश होतात, डॉक्टर मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाच्या भीतीने सावध होतात.

क्लोमिफिन गर्भाशयातही इस्ट्रोजेनला आडवं येतं. म्हणून काहीजणींच्या सोनोग्राफीत फॉलिकल छान 20 मिमीचा दिसतो आणि अस्तर मात्र पातळ. लेट्रोझोलमध्ये हा त्रास सहसा होत नाही.

पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) असलेल्या 750 स्त्रियांवरचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के, तर क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के जणींना मूल झालं. आज पीसीओएससाठी लेट्रोझोलच आधी सुचवलं जातं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. म्हणून क्लोमिफिन टाकाऊ ठरत नाही. 1960च्या दशकापासून ते वापरात आहे आणि कित्येकींना त्यानेच गुण येतो.

लेट्रोझोलच्या डब्यातला कागद वाचून अनेकजणी हादरतात, कारण त्यावर स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख असतो. ते औषध मुळात त्यासाठीच आलं. तिथे ते रोज, वर्षानुवर्षं घेतात. इथे पाच दिवस. मात्र दोन्हींपैकी कुठलीही गोळी सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची खात्री हवीच.

अंग एकदम गरम होणं, डोकं दुखणं, थकवा हे दोन्हींत होऊ शकतं. क्लोमिफिनवर असताना नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे चमकू लागलं, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवायचं.

आणि नळ्या बंद असतील किंवा नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी असतील, तर अंडं वेळेवर फुटूनही उपयोग नाही. त्या तपासण्या शक्यतो गोळ्यांच्या आधीच उरकाव्यात.